अध्यक्षाचं वर्ष 30 जूनला संपतं, झाडाचं नाही



जुलै लागला की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास उगवतात. रानात तण आणि गावच्या चौकात सेवाभावी क्लबांचे फ्लेक्स. भव्य वृक्षारोपण, वह्यावाटप, छत्रीवाटप. आज यावर जरा स्पष्ट लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे, पण पूर्ण वाचून मग या.

आधी चांगलं ते चांगलं म्हणू. रोटरी 1905 साली शिकागोत सुरू झाली, लायन्स 1917 साली. रोटरीनं 1985 साली जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. आपल्या देशात 2009 साली पोलिओचे 741 रुग्ण सापडले होते. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला. 27 मार्च 2014 ला भारतासह आपल्या भागातले देश पोलिओमुक्त झाल्याचा दाखला मिळाला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, गावोगावच्या अंगणवाडीताई आणि आशाताई, सगळ्यांचं ते काम. पण क्लबवाल्यांचा त्यात मोठा वाटा आहे, तो नाकारणारा माणूस खोटा.

आता ते काम झालं कसं ते आठवा. बाळाच्या करंगळीला शाई लावायची. घराच्या भिंतीवर खडूनं खूण करायची. ज्या घरातलं बाळ राहून गेलं त्या घरावर फुली मारायची आणि परत त्या घरी जायचं. बाळ सापडेपर्यंत जायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे यश डोस पाजण्यात जेवढं होतं, तेवढंच परत जाण्यात होतं.

मग माझा सवाल एवढाच आहे. पोलिओला परत जाणारी माणसं झाडाला परत का येत नाहीत?

एका क्लबानं आमच्या गायरानात रोपं लावली. नाव घेत नाही, कारण एकाचं नाव घेऊन बाकीचे सुटायला नकोत. मुरमाड जमिनीत वीतभर खड्डे. काही रोपांची काळी पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. एका रोपाला आठ जणांचे हात, फोटो, शाल-श्रीफळ, नाष्टा, गाड्या परत. पुढच्या मे महिन्यात तिथं काड्या उभ्या होत्या. फलक मात्र शाबूत होता, लोखंडी होता ना.

यात माणसं वाईट नाहीत, कॅलेंडर वाईट आहे. रोटरी असो की लायन्स, यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. दरवर्षी नवा अध्यक्ष. पदग्रहण झालं की त्याला आपल्या नावाचा कार्यक्रम हवा असतो. जुन्या अध्यक्षानं लावलेल्या रोपाला पाणी घातलं तर त्याचा फोटो कोण काढणार? आणि झाड मरतं कधी? एप्रिल-मेमध्ये. तेव्हा जुने साहेब निरोपाच्या तयारीत, नवे साहेब पदग्रहणाच्या तयारीत. रोपटं दोघांच्या मधल्या बांधावर वाळून जातं.

शिवाय आपला जिल्हा रब्बीचा. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला भरवशाचा उत्तरा-हस्ताचा. आर्द्राच्या चार सरींवर आम्ही ज्वारी पेरत नाही. मग तुम्ही त्याच सरींवर रोप लावून पुढं वाऱ्यावर का सोडता?

क्लबवाले म्हणतात, लावायचं काम आम्ही केलं, जगवायचं गावानं. बरं. मग लावायच्या आधी गावाला विचारलं का? ग्रामसभेत विषय घेतला का? शेळ्या कुठल्या वाटेनं जातात, पाणी कुठून आणायचं, कुंपणाला बाभळीच्या काट्या कोण तोडणार, हे कुणाशी बोललात? सरपंचाला आदल्या रात्री फोन आणि सकाळी शाळेची पोरं रांगेत, याला लोकसहभाग म्हणत नाहीत. गावानं जबाबदारी झटकू नये हे मलाही मान्य. पण न विचारता दारात आणून बांधलेल्या वासराला वैरण घालायची कुणी, हे आधी ठरायला पाहिजे.

आता शेतकऱ्याचा हिशेब ऐका. 100 रोपं. 1 फेब्रुवारी ते 30 जून, धरा 150 दिवस. दर दहा दिवसांनी रोपाला 10 लिटर पाणी. म्हणजे पाळीला 1,000 लिटर आणि 15 पाळ्यांना 15,000 लिटर. पाच हजार लिटरचे तीन टँकर झाले, बस. एका उन्हाळ्याला तीन टँकर. मांडव, स्पीकर, फेटे, बुके आणि फ्लेक्सचा खर्च एका कागदावर मांडा, शेजारी या तीन टँकरचा मांडा आणि काय परवडतं ते तुम्हीच सांगा.

आपल्या मातीत सेवेची रीत काही नवी नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडी केली, स्वतःची मान धोक्यात घालून. मग विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन त्या धान्याची रक्कम भरली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देणाऱ्यानं फलक लावला नाही, भरणारा तर पावती घेऊन नाहीसा झाला. तरी कित्येक शतकं नाव टिकलं.

म्हणून क्लबातल्या दादा-ताईंना, साहेबांना हात जोडून मागणं आहे. हजार रोपं नकोत, शंभर आणा. लिंब, चिंच, करंज, वड आणा. खड्डे उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद, खोल काढा, तापू द्या, तळ्याचा गाळ आणि शेणखत भरा. रोप पुरुषभर उंचीचं आणा, पाऊस मुरल्यावर लावा. तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि ग्रामसभेत तसा ठराव करा. जुन्या अध्यक्षानं नव्याच्या हातात हार देण्याऐवजी झाडांची यादी द्यावी, मेलेल्या झाडापुढं फुली मारून. फुलीच्या घरी परत जायचं तुम्हाला येतं, तुम्ही ते करून दाखवलंय.

आणि फोटो जरूर काढा. फक्त 1 जुलैला काढू नका, तिसऱ्या वर्षीच्या 15 मेला काढा, भर दुपारी, झाडाच्या सावलीत बसून. चहा आमच्याकडून.

पटलं तर आपापल्या गावातल्या क्लबवाल्यांना पाठवा. पटलं नसेल तर आपल्या गायरानात चक्कर मारून या आणि मग माझ्याशी भांडा.