शेजारी कोण, ते रूटरलाच विचारा

मंडळी, मागच्या शनिवारी लिहायचं राहिलं. कारण त्या रात्री मी चाकणजवळच्या एका कारखान्यात दोन शब्द टाइप करायला गेलो होतो. कोथरूडहून, भर पावसात, रात्री बारा वाजता. ते दोन शब्द म्हणजे 'नो शटडाउन'.

झालं असं की, या कारखान्याच्या दोन इमारती आहेत आणि प्रत्येकीत एक रूटर. आमच्या नकाशाप्रमाणे दोघांमध्ये दोन फायबर लिंक, एक मेन आणि एक बॅकअप. मेन लिंक दुसऱ्या पोर्टवर हलवायची होती. किरकोळ काम. घरी बसून, पहिल्या इमारतीतून पलीकडच्या रूटरवर लॉगिन केलं, बॅकअप पोर्ट 'अप' आहे एवढं पाहिलं आणि मेन पोर्टला 'शटडाउन' दिलं. ट्रॅफिक बॅकअपवर जाईल, माझं सेशन जरा अडखळेल आणि पुढे चालू होईल, असा हिशेब.

सेशन अडखळलं ते अडखळलंच. कारण बॅकअप लिंक नव्हतीच! ती फायबर कधीतरी कुणीतरी काढून कॅमेऱ्यांच्या स्विचला 'तात्पुरती' जोडली होती. पोर्ट अप होता तो त्या स्विचमुळे. नकाशात मात्र निळी रेघ ठणठणीत.

रूटर नुसता बंद-चालू केला असता तरी भागलं असतं, कारण कॉन्फिग सेव्ह केलं नव्हतं. पण त्या खोलीची किल्ली माझ्याच बॅगेत. पोचलो तेव्हा गेटवर ट्रकची रांग लागलेली. सर्व्हर पलीकडच्या इमारतीत, त्यामुळे माल बाहेर काढायच्या पावत्या छापल्या जात नव्हत्या. एक ड्रायव्हर छत्री घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच ना ते? किती वेळ अजून?" काय सांगणार, कपाळ?

चूक माझी, शंभर टक्के. पण ती नेमकी कोणती, यावर आठवडाभर डोकं खाजवलं. ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं एकच, "डायग्राम अपडेट ठेवायला पाहिजे." मला हे पटत नाही. डायग्राम अपडेट राहत नसतात. रात्री दोन वाजता लिंक बदलणारा माणूस लिंक चालू झाली की झोपायला जातो, चित्र काढत बसत नाही. मीही नाही बसलो कधी.

मुळात मला चित्राची गरजच नव्हती. 'शो सीडीपी नेबर्स' एवढं टाइप केलं असतं तरी पुरे होतं. सिस्कोची उपकरणं दर 60 सेकंदांनी प्रत्येक पोर्टवर आपली ओळख सांगतात. ऐकणारा ती 180 सेकंद लक्षात ठेवतो. कमांड दिली की यादी येते: शेजाऱ्याचं नाव, माझा कुठला पोर्ट, त्याचा कुठला पोर्ट, मॉडेल कुठलं. बॅकअप पोर्टसमोर सरळ कॅमेऱ्यांच्या स्विचचं नाव दिसलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं असतील तर एलएलडीपी आहेच, 2005 पासूनचं प्रमाणित.

आमच्याकडे ओएसपीएफ चालतं, म्हणजे दुसरा साक्षीदारही हजर होता. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मध्ये पलीकडच्या रूटरच्या दोन ओळी दिसायला हव्या होत्या, दिसली असती एकच. ओएसपीएफचा एक नियम मला फार आवडतो. एका रूटरनं "माझी त्याच्याशी लिंक आहे" म्हटलं म्हणून ती रस्ता शोधताना धरली जात नाही, दुसऱ्या टोकानंही तसंच म्हणावं लागतं. आपण मात्र चार वर्षांपूर्वीच्या एका रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

आता सिक्युरिटीवाले म्हणतील, सीडीपी बंदच करा. त्यांचं खोटं नाही. त्यात मॉडेल, व्हर्जन, आयपी सगळं उघड्यावर जातं, आणि 2020 मध्ये सीडीपीच्या कोडमधल्या पाच गंभीर त्रुटी बाहेर आल्या होत्या. म्हणून बाहेरच्या आणि युजरच्या पोर्टवर जरूर बंद करा. पण रूटर-रूटरमधल्या लिंकवर बंद करून आपणच आंधळं व्हायचं, यात मला शहाणपण दिसत नाही.

अर्थात कमांडला सगळं कळतं असंही नाही. नुकताच मेलेला शेजारी तीन मिनिटांपर्यंत यादीत जिवंत दिसू शकतो. मधला मीडिया कन्व्हर्टर दिसत नाही. आणि दोन्ही फायबर एकाच चरातून गेल्यात, एका जेसीबीत दोन्ही तुटतील, हे कुठलाच रूटर सांगणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, रूटर जे सांगू शकतो ते नकाशात लिहूच नका, त्याला विचारा. नकाशात फक्त तेच लिहा जे त्याला माहीत नसतं. फायबर कुठून गेली, कुणाच्या मालकीची आहे, किल्ली कुणाकडे, 'तात्पुरतं' कुणी आणि का केलं. असा कागद लहान राहील, आणि म्हणून कदाचित खराही राहील.

आमच्या चेंज फॉर्ममध्ये मी एक रकाना सुचवलाय: कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही टोकांवरून घेतलेली शेजाऱ्यांची यादी. मॅनेजर म्हणाले, "आधीच बारा रकाने आहेत." असतील. तेरावा मी माझ्यापुरता सुरू केलाय. शिवाय लांबच्या रूटरला हात लावण्याआधी 'रीलोड इन 10'. तोंडघशी पडलोच, तर दहा मिनिटांनी तो आपला आपण रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. काम नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल' द्यायला विसरायचं नाही, एवढंच.

असो. कॅमेऱ्यांची ती फायबर अजून तिथेच आहे. तात्पुरती.