वडीलधाऱ्यांपुढे बोलावे काय?

मोठ्यांच्या तोंडाला लागू नये, ही शिकवण आमच्या वऱ्हाडात प्रत्येक मुलाच्या कानी पडत असते. घरी आजोबा, वर्गात गुरुजी किंवा वावरात बाबा बोलू लागले म्हणजे धाकट्याने मुकाट्याने ऐकावे, असा आपला रिवाज आहे. रिवाज चांगला आहे. त्याच्या आधारे घर एकत्र राहते व शाळा चालते. परंतु त्यालाही काही मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न दोन विमान-अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष वाचून आमच्या मनात उभा राहिला. तो आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांपुढेही ठेवावा, असे वाटते.

7 ऑगस्ट 2020 रोजी सायंकाळी दुबईहून 190 माणसे घेऊन निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळातील कोझिकोड येथे उतरत होते. महासाथीमुळे परदेशी अडकलेल्या आपल्या लोकांस ते घरी आणीत होते. कोझिकोडची धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून केलेली आहे; ती संपते तेथे खोल उतार आहे. पाऊस कोसळत होता. पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला, व त्याच वेळी कॅप्टनपुढील काचेचा वायपर बंद पडला. दुसऱ्या खेपेस विमान दुसऱ्या दिशेने आले, तेव्हा वारा पाठीमागून होता. 8,858 फूट लांबीच्या पट्टीपैकी सुमारे 4,438 फूट मागे पडल्यावर चाके जमिनीस लागली. उरलेली ओली पट्टी पुरली नाही. विमान उतारावरून खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा अंत झाला. आसपासचे गावकरी महासाथीचे भय बाजूस सारून भर पावसात मदतीस धावले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

विमानाचे कॅप्टन होते दीपक वसंत साठे. त्यांचे आईवडील आमच्याच विदर्भातील, नागपूरचे रहिवासी. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकून ते 1981 साली हवाईदलात गेले, तेथे सुमारे 22 वर्षे सेवा करून नंतर प्रवासी विमाने चालवू लागले. अशा कसलेल्या वैमानिकाच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हळहळला. म्हणूनच सप्टेंबर 2021 मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा तो वाचणे अनेकांस जड गेले. विमान ठरलेल्या रीतीने स्थिर नसताही उतरविणे चालू ठेवले गेले; सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्याविषयी सांगितले, ते मानले गेले नाही; आणि सहवैमानिकानेही सूत्रे आपल्या हाती घेतली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

असे पूर्वीही घडले होते. 22 मे 2010 रोजी मंगळूर येथे अशाच टेकडीवरील पट्टीवरून विमान पुढे जाऊन 158 माणसे दगावली व अवघी 8 वाचली. त्या चौकशीचे प्रमुख हवाईदलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले हे होते. सहवैमानिकाने तीन वेळा सांगूनही कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही, असे तेथेही दिसून आले.

कोणी म्हणेल, जे हयात नाहीत त्यांचे दोष काढून काय साधते? आम्हांसही हा प्रश्न पडला होता. परंतु अशा चौकशीचा हेतू कोणास शिक्षा करावी हा नसतो; तोच अपघात पुन्हा होऊ नये एवढाच असतो. आंतरराष्ट्रीय संकेत व आपल्या देशाचे नियम हेच सांगतात. शिवाय कोझिकोडची चौकशी कॅप्टनपाशी थांबली नाही. मनोऱ्यातील अधिकाऱ्याने घाईने धावपट्टीची दिशा बदलली व पाठीमागच्या वाऱ्याविषयी सावध केले नाही. कंपनीने तेथे पुरेसे कॅप्टन ठेवले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीसाठी त्याच रात्री तेथेच उतरण्याची ओढ लागली. या गोष्टीही तिने उघड केल्या. थोर माणसाचा मान राखावयाचा तर त्याच्या चुकीपासून शिकावे. ती झाकून ठेवल्याने त्याचा मान वाढत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. 2017 साली यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये, हे शाळेत शिकलेला मुलगा वडिलांस सांगू लागला, तर त्याला ‘तुला काय कळते?’ म्हणून गप्प बसवावे काय? आमचे स्पष्ट मत असे की, जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे धाकट्याने बोलावे हाच त्याचा धर्म, व थोरल्याने ऐकावे हाच त्याचा मोठेपणा.

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ऐकलेली बाल शमुवेलाची कथा विद्यार्थ्यांस आठवत असेल. वृद्ध एली याजकास अप्रिय निरोप सांगावयास तो मुलगा भ्याला. पण एलीनेच त्याला काही न लपविता सर्व सांगावयास लावले. मुलाचे धैर्य आपण नेहमी वाखाणतो. त्या वृद्धाचे मोठेपण मात्र आपण विसरतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, बोलावयाचे तर नम्रपणे बोला, पण वेळेवर व स्पष्ट बोला. एकदा ऐकले नाही तर पुन्हा बोला, आणि तरीही संकट टळत नसेल तर दुसऱ्या मोठ्या माणसास हाक मारा. आपलेच खरे करण्यासाठी मात्र या सवलतीचा उपयोग करू नका. आणि पालकहो, आपणांस विनंती अशी की, एखादे मोठे काम हाती घेताना घरातील धाकट्यास एकदा विचारून पाहावे, ‘बाळ, माझे काही चुकत तर नाही ना?’ जो मुलगा हा प्रश्न घरी ऐकत वाढेल, तो पुढे कोणत्याही कामावर वरिष्ठाशेजारी बसला तरी वेळप्रसंगी गप्प राहणार नाही.