तात्या आणि वहिनींची वही

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, ही आपली रीत मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एखादा उदार माणूस गेला की आपण त्याच्या औदार्याबद्दल असं बोलतो, जणू ते पावसासारखं आभाळातून पडत होतं! त्याला पैसे लागत नव्हते, पीठ लागत नव्हतं, आणि ते पीठ मळायला कुणाचे हातही लागत नव्हते.

माझे मावसभाऊ तात्या गेल्या वर्षी वारले, वयाच्या ८३ व्या वर्षी. नात्यानं भाऊ, वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, पण खरं नातं मैत्रीचंच. माझ्या आयुष्यातला पहिला सिनेमा, पहिलं चांगलं पेन आणि पहिली सणसणीत शिवी, तिन्ही त्यांच्याकडूनच मिळाली. कराडला शोकसभा झाली तेव्हा हॉल अपुरा पडला. तेराजण बोलले. कुणी आता इंजिनिअर, कुणी मुख्याध्यापक, एक तर निवृत्त तहसीलदार. सगळे कधी ना कधी तात्यांच्या घरी जेवलेले, राहिलेले. बोलताना तिघांना रडू आवरेना. आणि वहिनी? त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा उल्लेख दोनदा झाला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यात : "त्यांना वहिनींची समर्थ साथ लाभली." साथ! तबल्याची असते तशी.

आता तात्यांच्या नावानं एक छोटी स्मरणिका काढायचं मंडळींनी ठरवलं आहे. मलाही लेख मागितलाय. तेव्हा मनातलं आधी इथे लिहून मोकळा होतो.

तात्या एस.टी.त कंडक्टर होते. पाटणच्या बाजूच्या गाड्यांवर त्यांची ड्यूटी असे. गाडीत भेटलेल्या माणसाची चौकशी केल्याशिवाय तिकीट फाडायचे नाहीत. शाळा-कॉलेजसाठी कराडला निघालेला, हातात पत्र्याची ट्रंक आणि चेहऱ्यावर भीती असलेला पोरगा दिसला की विचारायचे, "उतरणार कुठं?" त्यानं नुसतं गप्प राहायचा अवकाश, संध्याकाळी तो तात्यांच्या घरी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पाटण तालुक्यात गावंच्या गावं उघड्यावर आली. त्या आठवड्यात तात्या दोन भाऊ घरी घेऊन आले. धाकटा पाच-सहा महिने राहिला, थोरला सहा वर्षं.

घर म्हणजे दोन खोल्या. मीही बी.ए.ची तीन वर्षं तिथेच होतो, त्यामुळे हे सांगोवांगी नाही. एका वेळी आम्ही पाच बाहेरची पोरं, वहिनींची स्वतःची दोन लहान मुलं, आणि सासूबाई. पहाटे साडेचारला स्टोव्हचा आवाज सुरू व्हायचा. १९७२ चा दुष्काळ आठवतो ना? रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली. त्या पिठाला विरी म्हणून नसे. भाकरी थापायला घेतली की काठाला चिरत जायची. वहिनी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, हात भाजून घेत, तीसेक भाकऱ्या करायच्या. तव्यावर मोडलेल्या दोन-चार त्यांच्या ताटात जायच्या. तात्या तेव्हा काय करत होते? बाहेरच्या खोलीत एखाद्या नव्या पोराला म्हणत होते, "लाजू नको रे, घर आपलंच आहे!" दोन्ही खरं आहे. तात्यांचं ते वाक्य खोटं नव्हतंच. त्या पोराला भाकरीइतकीच त्या वाक्याचीही गरज होती, हे मी शपथेवर सांगेन.

पण शोकसभेत वाक्य तेवढं आलं, भाकरी आलीच नाही.

आमच्या कराडकरांना तर ही चूक शोभतच नाही. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली ती इथूनच जवळ, काले गावी. पुढे साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहणार, एका पंगतीत जेवणार, हे त्या काळात बोलायलाही धाडस लागत होतं. कर्मवीर थोरच. पण कोठीतलं धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून कुणी उतरवले? लक्ष्मीबाईंनी. शेवटी मंगळसूत्रही पोरांच्या जेवणासाठी गेलं. आणि त्या वाढल्या होत्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात! मला विचाराल तर दागिने देण्यापेक्षा ते अंगवळणी पडलेलं सोवळं सोडणं जास्त अवघड असलं पाहिजे. १९३० मध्ये त्या गेल्या. बोर्डिंगचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिलाच नाही. तरी लक्ष्मीबाईंची गोष्ट आमच्या पिढीला शाळेत मास्तरांनी सांगितली होती, एवढं भाग्य त्यांच्या वाट्याला आलं.

आणखी एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. पु.लं.वर महाराष्ट्रानं प्रेम केलं आणि सुनीताबाईंना मात्र 'कडक' ठरवून टाकलं. त्या करार वाचायच्या, मानधनाचा हिशेब चोख ठेवायच्या, म्हणून कडक! अहो, हिशेब चोख होता म्हणूनच दोघांना भरभरून देता आलं. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यामागे त्या दोघांची देणगी होती. असो.

आमच्या वहिनीही कडकच ठरल्या. कारण त्यांची वही. शाळेची दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. अशा सात वह्या भरल्या. तात्या खिशात हात घालून कुणालाही पैसे द्यायचे आणि विसरायचे. वहिनी लिहून ठेवायच्या. मागायला कधीही गेल्या नाहीत, पण लिहायच्या. तात्या एकदा डेपोतल्या मित्राला जामीन राहिले, मित्र बदली घेऊन गेला तो गेलाच, आणि तात्यांच्या पगारातून तीन वर्षं हप्ते कापले गेले. त्या तीन वर्षांत घरातल्या दोन मुलांना दिवाळीला एकेकच कपडा मिळाला, आळीपाळीनं. ते वहीत आहे. थोरला मुलगा आता साठीला आला, अजून तो विषय निघाला की उठून बाहेर जातो. वडिलांवर त्याचं प्रेम नाही असं कोण म्हणेल? शेवटचं दीड वर्ष त्यानंच त्यांना अंघोळ घातली.

लोकांना वाटायचं, वही म्हणजे कंजूषपणा. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ वीस वर्षांनी आले, पेढे घेऊन. तात्यांच्या हातात ५०० रुपये ठेवले, "फीसाठी तुमच्याकडून घेतले होते." तात्या म्हणाले, "कसले रे पैसे?" वहिनी आत गेल्या, वही काढली, पानं उलटली आणि म्हणाल्या, "३४० होते." १६० रुपये त्यांनी परत दिले. ते गृहस्थ क्षणभर अवघडले, मग खळखळून हसले, आणि जेवायला थांबले. तात्यांच्या विसरण्यामुळे त्यांना जन्मभर मिंधं वाटलं असतं. वहिनींच्या आकड्यामुळे ते मोकळे झाले. उपकाराचं ओझं नक्की किती, हे कळणं हीसुद्धा एक सोय आहे, आणि ती त्या घरात वहिनीच करू शकत होत्या.

म्हणून स्मरणिकावाल्यांना माझी सूचना आहे. आमचे गहिवरलेले लेख जरूर छापा. पण सोबत त्या वह्यांची दहा-बारा पानं छापा, आहेत तशी, वहिनींच्या अक्षरात. पीठ, रॉकेल, कुणाची फी, कुणाचा चष्मा. त्यानं तात्या लहान होतील अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटतं. रंगवलेल्या तसबिरीपेक्षा, फाटका खिसा असलेले आणि त्या खिशातूनही देणारे तात्या मला जास्त जवळचे आहेत. आणि त्या पानांवरून हेही दिसेल की देणारे दोघं होते.

परवा परवानगी मागायला वहिनींकडे गेलो. ८० वर्षांच्या आहेत, नजर अधू झाली आहे, पण वह्या कुठल्या ट्रंकेत आहेत ते पाठ! म्हणाल्या, "छापा, पण नावं खोडून. पोरांना नातवंडं झालीत आता." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पाचव्या वहीत त्या हेळवाकच्या पोराच्या नावावर १२ रुपये आहेत बघा. ते काढून टाका. गेल्या दिवाळीत देऊन गेला."