'मले' अशुद्ध कोणी ठरवले?

१/ नागपूरचे 'मले', पुण्याचे 'मला' आणि इटलीचे 'मी' या तीन सर्वनामांविषयीचा हा थ्रेड. विषय व्याकरणाचा दिसतो, परंतु प्रश्न इतिहासाचा आहे : एखाद्या प्रदेशाची बोली 'अशुद्ध' केव्हा ठरते आणि ते ठरवते कोण?

२/ आरंभ इटालियनपासून. त्या भाषेत 'मी' या शब्दाचा अर्थ 'मला' असा होतो. 'मी पिआचे' म्हणजे 'मला आवडते'. 'ती' म्हणजे 'तुला', आणि 'ले' म्हणजे चक्क 'तिला'! नागपूरकराचे कान येथे टवकारतील; पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे. इटालियन 'ले' लॅटिनमधून आले आहे, आपल्या 'ले'शी त्याचे नाते नाही.

३/ खरे साम्य रचनेत आहे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात कर्ता आंबा, माणूस चतुर्थीत. इटालियनमध्येही तसेच. फरक असा की 'त्याला पाहिले' (द्वितीया) आणि 'त्याला दिले' (चतुर्थी) यांसाठी मराठीत रूप एकच, तर इटालियनमध्ये पहिल्या ठिकाणी 'लो' आणि दुसऱ्या ठिकाणी 'ल्यी' येते.

४/ आता विदर्भ. 'मले, तुले, त्याले' ही रूपे जीभ घसरल्याने होत नाहीत. ती नियमाने होतात. खानदेशातील अहिराणीतही 'ले' आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने स्वतंत्रपणे नोंदवले गेले. तरीही वर्गात 'मले' उच्चारणाऱ्या मुलाला हसू झेलावे लागते.

५/ 'मला' हे मूळ आणि 'मले' हा त्याचा अपभ्रंश, असा समज आहे. प्राचीनता हीच शुद्धतेची कसोटी मानली, तर 'मला'ही तीत नापास होते. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांत 'मज', 'तुज', 'मातें' ही रूपे ठळक आहेत. 'ला'चा बोलबाला पुढच्या काळातला. आणि 'लीळाचरित्रा'ची परंपरा ज्या रिद्धपूरशी जोडलेली आहे, ते गाव अमरावती जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडातच आहे.

६/ मग निवाडा झाला कोठे? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, दोन्ही मुंबईत. त्या वेळी नागपुरावर भोसल्यांचे आणि वऱ्हाडावर निजामाचे राज्य होते. म्हणजे आधुनिक मराठीची चौकट आखली जात असताना विदर्भ मुंबई इलाख्यात नव्हताच.

७/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. मराठी मुलुखातील मोठ्या भागाशी नागपूर एका राज्यात आले ते थेट १९५६ साली, द्विभाषिक मुंबई राज्यात. तोवर प्रमाणभाषा घडून स्थिरावली होती. विदर्भाच्या वाट्याला ती तयार स्वरूपात आली.

८/ योगायोग असा की इटलीचे राज्यही १८६१ सालचेच. तेथील लेखनभाषेचा आदर्श व्हेनिसच्या पिएत्रो बेम्बोने १५२५ मध्ये मांडला होता, तो चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या साहित्यावरून. भाषा-इतिहासकार तुल्लिओ दे मौरो यांच्या अंदाजानुसार एकीकरणाच्या वेळी ही भाषा येणारे लोक जेमतेम अडीच टक्के होते.

९/ मिलानच्या मान्झोनीने आपली १८२७ ची कादंबरी 'इ प्रोमेस्सी स्पोझी' फ्लॉरेन्सच्या बोलीनुसार सुधारून १८४०-४२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली. आजही बोलताना सहज येणाऱ्या 'आ मे मी' ('मला'ची दुहेरी योजना) या प्रयोगावर तेथील शिक्षक लाल रेघ मारतात. नागपूरच्या वहीतील लाल शाई त्या शाईची सख्खी बहीण शोभेल.

१०/ प्रमाणभाषा नकोच, असा याचा अर्थ नाही. सिंधुदुर्गातील अर्ज गडचिरोलीत वाचता यावा, यासाठी एक सामाईक रूप हवेच. पण 'सामाईक' आणि 'शुद्ध' हे समानार्थी शब्द नाहीत. बहिणाबाईंच्या गाण्यातील 'माले' ऐकून आपण दाद देतो. तेच रूप निबंधात आले की गुण कापतो. हा न्याय कोणता?

११/ इतिहासाच्या अभ्यासकाला तर ही चूक महागात पडते. मराठीत आठवण सांगणाराही कर्ता नसतो. 'मले आठवते' : आठवण येते, माणूस ती घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेला उपस्थित असलेली वृद्ध बाई 'मले आठवते' अशी सुरुवात करते आणि टंकलेखन करणारा ते 'मला आठवते' असे 'सुधारतो'. साक्षीचा पहिलाच शब्द बदलला. ती कोठली, कोणत्या समाजातून आणि शाळेपासून किती दूर राहिलेली, हे सांगणारा पुरावा एका मात्रेसह पुसला गेला.

१२/ मोडी कागदातील जुने रूप आपण जसेच्या तसे उतरवतो, कारण तो 'दस्तऐवज' असतो. हाच मान जिवंत माणसाच्या बोलण्यालाही मिळायला हवा. घरातील आजी-आजोबांच्या आठवणी टिपून घेताना 'मले' हे 'मले' म्हणूनच लिहावे. अर्थ हवा असल्यास तळटीप द्यावी. दुरुस्ती करू नये. हे बोलणारी पिढी झपाट्याने ओसरते आहे, म्हणून हे काम यंदाच्या सुट्टीतच हाती घ्यावे.