वैरण निम्मी, औत तेवढेच

वजन उतरवणारी माउंजारोसारखी आठवड्याची सुई २०२५ पासून आपल्या देशात मिळू लागली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेणारे कोणी घरात असेल, तर "अंगात त्राण नाही" या त्यांच्या तक्रारीला आळस म्हणू नका. सुईने भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते. वैरण निम्मी केली आणि औत तेवढेच ओढायला लावले, तर बैल बसणारच!

भूक नसली तरी वेळेवर थोडे थोडे खा. आधी उसळ, दही, अंडे, भाकरी मागून. नाहीतर चरबीबरोबर मांसही झडते. जेवण घटले की पाणीही घटते, म्हणून बांधावर कळशी हवीच. डोस वाढतो त्या दिवसांत थकवा जास्त जाणवतो. तेव्हा फवारणी दुसऱ्याकडे सोपवा. मळमळ सुईची की कीटकनाशकाच्या विषबाधेची, हे कळायचे नाही.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी याला नुसता थकवा समजू नका. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून लगेच द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.