माहेरचं नाव, सासरचं नाव
आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सून सातव्या महिन्यातही दोन घरची धुणीभांडी करते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाचे ५००० रुपये तिच्या हक्काचे आहेत. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की ३०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या की २०००. पण तिच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि पैसे येतात ते आधार जोडलेल्या खात्यातच. तिसऱ्या हेलपाट्यानंतर ती जिन्यात टेकली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, घामाने ओला झालेला पदर. मला फार वाईट वाटलं. शेवटी आशा सेविका ताईंनीच धावपळ करून आधारवरचं नाव बदलून घेतलं. कायम नोकरीतल्या बाईला २०१७च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ते योग्यच झालं. हिला मात्र रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कापलेला पगार. मुलींनो, दिवस गेल्याचं कळलं की लगेच अंगणवाडीत नोंद करा, आणि त्याच आठवड्यात आधार व पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षरन् अक्षर ताडून पाहा.