मिठाच्या तलावातही क्लोरीनच
मिठाच्या पाण्याचा तलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, ही समजूत आधी पुसायला हवी. लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ विरघळवतात. समुद्रात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. फिल्टरनंतर बसवलेल्या सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांतून वीज खेळली की त्याच मिठातून क्लोरीन तयार होतो.

यंत्र बसवले की काम संपले, असे विक्रेत्यांनी सांगू नये. पाण्याचा पीएच सतत वर सरकतो, तो ७.२ ते ७.८ मध्ये राखावा लागतो. बोअरवेलचे जड पाणी असेल तर पट्ट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो. तो पातळ आम्लाने काढावा (आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीच नाही). स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर पट्ट्यांवरचा मूळ लेपही निघतो आणि महागडा सेल वाया जातो.

सोसायटीच्या तलावात मुले उतरण्याआधी क्लोरीन रोज मोजलाच पाहिजे. यंत्रावरचा हिरवा दिवा पुरेसा नाही.